पायांच्या फिल्मा आणि आम्ही

लग्नाच्या शूटिंगमध्ये उभी हयात गेली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे ते आपोआप साठतात. पण आमच्याकडे एक पिशवी अशी आहे की ती चारचौघांत उघडता येत नाही. आज सगळे आपलेच आहेत म्हणून उघडते. आणि हसायचं असेल तर मोकळं हसा, तोंडावर पदर घेऊन नको!

मी मंगला, जळगावची, माहेर असोदा. नवरीचा मेकअप करायचा, साडी नेसवायची हे माझं काम. विलासभाऊ आमचा कॅमेरामन आणि मालक. त्याने एका हळदीची क्लिप नेटवर टाकली, नवरीचे ओले, हळदीने माखलेले पाय ओट्यावरून चालतायत. त्यावर परदेशातून कुणा पीटरचा मेल आला, "अशाच फिल्मा करून द्याल का? फक्त पाय."

भाऊला वाटलं, चपलेची कंपनी असणार! त्याने भाव कळवला, वर "कोणत्या साइजची चप्पल?" असंही विचारलं. पीटरने सभ्यपणे सगळं समजावून लिहिलं. जगात काही माणसांना बाईच्या पायांचंच आकर्षण असतं, तसलं आकर्षण, ते अशा फिल्मा विकत घेतात, आणि हा त्या विकतो. भाऊने मेल वाचला, फोन उलटा ठेवला आणि चहा मागवला. चहा संपल्यावर म्हणाला, "अंगावर पूर्ण कपडे, चेहरा फ्रेमच्या बाहेर, आणि बाईची मर्जी. एवढं जमत असेल तर करू. नाहीतर गेलं उडत!"

धुळ्याची सिंधू आमच्याकडे लग्नात करवल्यांच्या वेण्या घालायची. तिशी ओलांडलेली, हसरी, कामाला वाघीण. ती तयार झाली, पण घरी सांगितलं की पापडाच्या कारखान्यात जाते. सासू जुन्या वळणाची, कडक. "मना घरमां कळनं तं संपनं ताई," ती मला म्हणाली होती. तिचं अख्खं घर त्या एका गोष्टीवर उभं होतं, आणि आम्ही सगळे ती गोष्ट जीव मुठीत धरून सांभाळत होतो.

*

पहिली मोठी ऑर्डर आली केळी तुडवायची! पायाखाली केळी चिरडताना दाखवा म्हणे. अहो, जळगावात! मी उडालेच. सिंधूने तर कानालाच हात लावले. "अन्नले पाय? मी नही लावस, भाऊ."

पीटरला कळेचना. म्हणाला, मागच्या छोट्या फिल्ममध्ये चिखलात उभं राहायला तुम्ही एका पायावर तयार होता, चिखलात काच असते, किडे असतात. केळं तर मऊ आणि स्वच्छ! शेवटी भाऊने तोड काढली. बांधावर सडलेल्या केळ्यांचा ढीग खतासाठी टाकलेला होता. "हे आता अन्न नाही, खत आहे," भाऊ म्हणाला.

सिंधूने थोडा विचार केला, ढिगाला हात लावला, कपाळाला लावला, "माफ करजो वं माय" म्हणाली आणि मग पाय ठेवला. कॅमेरा चालूच होता. सालीवरून घसरू नये म्हणून मी मागून तिचा पदर घट्ट धरून बसले होते, माझा हातही आला असेल फ्रेमच्या कोपऱ्यात कुठे.

पीटरचा दुसऱ्या दिवशी मेल, "सुरुवातीची ती हाताची हालचाल लोकांना फार आवडली. हा कोणता नृत्यप्रकार?"

भाऊने उत्तर दिलं, "खान्देशी!"

*

गाडीचा किस्सा तर विचारूच नका. काही लोकांना म्हणे गाडी चिखलात रुतलेली, बाई अनवाणी पायाने ॲक्सिलेटर दाबतेय आणि गाडी काही निघत नाही, एवढंच बघायचं असतं. बघा बापडे! आम्ही पारोळ्याच्या पुढे एका शेताच्या कडेला भाऊची जुनी जीप मुद्दाम रुतवली. सिंधू कुठल्याशा ड्रायव्हिंग क्लासला जाऊन गाडी शिकलेली. कॅमेरा तिच्या पायापाशी. तिने पाय दाबला, चाक फिरलं, चिखल उडाला. वा, वा!

एवढ्यात ट्रॅक्टर हजर. "ताई, उतरू नका, आम्ही शेतस ना!" साखळी लावली आणि जीप बाहेर. आम्ही आभार मानले, ते गेल्यावर जीप पुन्हा रुतवली. तर दुसरी मंडळी मोटरसायकलवरून उतरली, चपला काढल्या आणि धक्का! पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा तर बैलजोडीवाले आबा आले आणि वर आम्हालाच झापलं, "कितलांदा अडकतस रे? ड्रायव्हर बदला!"

संध्याकाळपर्यंत सलग फुटेज म्हणून काही हाती लागलं नाही. पीटर वैतागला, "गाडी सारखी बाहेर का येते?"

मीच फोन घेतला. म्हटलं, "बाबा रे, आमच्याकडे बाई चिखलात अडकलेली बघत कुणी उभं राहत नाही!"



*

पीटर माणूस वाईट नव्हता हो. सुरक्षेबद्दल तर आपल्याहून काटेकोर. त्याने कळवलं होतं, काम करणाऱ्या बाईने एक शब्द ठरवायचा. तिने तो उच्चारला की त्याच क्षणी शूटिंग बंद, कुणी का विचारायचं नाही. चांगला नियम. आम्ही "लिंबू" ठरवला.

मे महिना, जळगावचं ऊन, फरशीवर पाय. सिंधू उभी. भाऊ विचारतोय, "ठीक?" ती म्हणतेय, "ठीक." शॉट संपला तेव्हा तळव्यांना फोड! मी तडकले. "अगं, लिंबू म्हणायला काय झालं होतं? जीभ झडली असती?"

तर म्हणते कशी, "भाऊनी इतली मेहनत करीसन कॅमेरा लावेल. मधमाच कसं बोलू?"

आता काय करावं या भिडेला! आपल्या बायका जीव जाईपर्यंत "चालेल चालेल" म्हणतील, लिंबू म्हणणार नाहीत. त्या दिवसापासून मी नियम बदलला. सिंधूच्या आधी त्या जागेवर मी अनवाणी चालून बघायचं, आणि लिंबू मी म्हणायचं. भाऊ कुरकुरला, पण माझ्यापुढे त्याचं काय चालतंय!

गंमत अशी की त्या चाचणीचं थोडं फुटेज चुकून पीटरकडे गेलं. लगेच मागणी आली, "त्या मोठ्या बाईंची वेगळी फिल्म मिळेल का? टाचांच्या भेगांसकट."

आमचे हे बरीच वर्षं त्या भेगांना नावं ठेवत होते. त्या रात्री मी त्यांच्यासमोर ऐटीत पाय पसरून जेवले!

*

मग एकदा पीटरने व्हिडिओ कॉल मागितला. त्याला सिंधूच्याच तोंडून ऐकायचं होतं की ती मर्जीने काम करते, आणि खोलीत भाऊ नको. भाऊ बाहेर जाऊन विडी फुंकत बसला. मी माझ्या बारावीच्या इंग्रजीत दुभाषी झाले.

सिंधूने पदर नीट केला. "मनी मर्जी शे. कोणी जबरदस्ती नही करेल." मी सांगितलं. पीटरने मान डोलावली. मग ती मला म्हणाली, "ताई, आते त्याले इचार. तुमना घर माहीत शे का, तुम्ही काय काम करतस ते?"

मी घाबरत घाबरत विचारलं. तो गोरापान माणूस कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "नाही. आईला वाटतं, मी टायर विकतो."

सिंधू इतकी हसली की खुर्चीवरून पडायची! मग हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाली, "त्याले सांग, बिचाऱ्याले, घाबरू नको म्हना."

आता ते काम बंद झालं. पीटरने धंदा सोडला, भाऊ पुन्हा लग्नं करतो, सिंधूने ब्लाऊज शिवायचं मशीन घेतलं. पण खरं सांगते, त्या दिवसांची फार आठवण येते. इतकं जपून, इतकं एकमेकांना विचारून आम्ही लग्नातसुद्धा कधी काम केलं नाही.

*

शेवटचा किस्सा सांगते, काम चालू होतं तेव्हाचा. धुळ्याजवळ एका शेतात, विहिरीच्या कडेला चिखल केलेला. मी आधी चालून बघितलं होतं. सिंधू साडी खोचून चिखलात उभी, कॅमेरा तिच्या पायांवर. मी सहज वर बघितलं तर बांधावर एक म्हातारी बाई, नऊवारी, हातात कापडी पिशवी. सिंधूने बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "आत्याबाई!"

पापडाच्या कारखान्यातून येणाऱ्या सुनेच्या नखांत रोज चिखल कसा, म्हणून सासू बस पकडून मागे आलेली!

  मीच पुढे झाले. "आजी, पायांचे व्हिडिओ काढतो आम्ही. बाहेरदेशीचे लोक पैसे देऊन बघतात. चेहरा घेत नाही."

"आंगवरना कपडा?"

"सगळे अंगावर. हे बघा." मी तिला कॅमेऱ्याच्या पडद्यापाशी नेलं. तिने डोळे बारीक करून बघितलं. बराच वेळ बघितलं. सिंधू रडायला लागली होती, आवाज न करता.

मग सासू भाऊवर ओरडली, "तुमले दिसत नही का? पोर एक पायवर भार दी राहिनी. पायमा काटा भरेल शे तिना!"

खरंच होतं. बाभळीचा काटा. आणि सिंधू लिंबू म्हणाली नव्हती.

सासूने तिला हाताला धरून बाहेर काढलं, विहिरीच्या कठड्यावर बसवलं, बादलीतलं पाणी तिच्या पायांवर ओतलं आणि स्वतःच्या हाताने चिखल धुतला. सिंधू पाय ओढून घ्यायला लागली, "नका ना आत्याबाई, पाप लागी माले!" सासूने नुसतं "उगी बस" म्हटलं, बांगडीतली पिन काढली, काटा उपसला, हळद मागितली. माझ्या मेकअपच्या पेटीत लग्नाची होती, ती मी दिली.

मग ती उठली. पिशवी माझ्या हातात दिली, नऊवारीचा काष्टा वर खोचला आणि तरातरा चालत चिखलात जाऊन उभी राहिली.

"भाऊ, करा सुरू. तिना पाय दुखी राहिना, आज मी उभी राहस. अन् मनं तोंड बी येऊ द्या कॅमेरामा. मी काय चोरी करी राहिनू का!"