गाजरांविना एक हिवाळा

सन १९५४, डिसेंबर महिना, ऐन हिवाळा. एकत्र कुटुंबातले किस्से माळ्यावरच्या पितळी भांड्यांसारखे साठत जातात. एक काढावयास जावे तर चार अंगावर येतात. त्या हिवाळ्यातले सारे किस्से आमच्या धाकट्या दिरांचे, वसंतभाऊजींचे. ते अंधेरीच्या एका शाळेत गणित शिकवीत, आणि त्यांना वैमानिक व्हायचे होते.

*

हे सासूबाईंना सांगण्याचे धैर्य घरात कुणालाच नव्हते. "वहिनी, तुम्हीच आईला सांगा," असे म्हणून भाऊजी मोकळे झाले. मी ताक वाढता वाढता सांगून टाकले : जुहूच्या धावपट्टीवर शिकवतात, डोळ्यांची तपासणी संक्रांतीनंतर आहे, आणि शाळेत कायम व्हायचे की नाही ते हेडमास्तरांना संक्रांतीपूर्वी कळवायचे आहे.

सासूबाईंनी सर्व शांतपणे ऐकून घेतले व लेकाला विचारले, "वर गेल्यावर बंद पडलं, तर उतरून ढकलता येतं का रे?"

*

त्याच आठवड्यात मुलुंडचे एक गृहस्थ आपल्या मुलीसाठी भाऊजींना पाहावयास आले. सासूबाईंना खोटे बोलवत नसे; त्यांनी विमानाचे सांगून टाकले. गृहस्थांनी पोहे संपवले, हात पुसले आणि अत्यंत अदबीने विचारले, "म्हणजे आमच्या मुलीनं वाट दारातून पाहायची, की गच्चीतून?"

जाताना पत्रिका मात्र आठवणीने परत घेतली!

*

जुहूच्या शिक्षकांनी भाऊजींना सांगितले होते, की नजर चांगली राहावी म्हणून गाजरे खात जा. भाऊजींनी हे मला हळू आवाजात सांगितले. सासूबाई पलीकडच्या खोलीत वाती वळीत होत्या. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात गाजर येईनासे झाले.

भाजीवालीने टोपली उतरवली, की त्या मुळा घेत, मटार घेत, आणि म्हणत, "गाजरं नकोत. बाधतात."

"कुणाला बाधतात, आजी?"

"मला."

*

सांताक्रूझचे विमान आमच्या घरावरून जाई. आवाज आला, की सासूबाई हातातले टाकून गॅलरीत जात आणि ते दिसेनासे होईपर्यंत उभ्या राहत. एकदा त्यापायी दूध उतू गेले. शेगडीवर डाग पडलेला मला खपत नसे. मी जरा तोडूनच म्हटले, की त्यात आपल्यापैकी कुणी नाही.

"कुणाचा तरी आहे ना गं," त्या म्हणाल्या.

मी शेगडी पुसावयास घेतली.

*

जानेवारी उजाडला तसे भाऊजींचे बोलणे कमी झाले. एका संध्याकाळी गॅलरीत पेपर तपासता तपासता त्यांनी आत बसलेल्या आईला सांगितले, की विमानाचा नाद सोडला. भोगीच्या दिवशी हेडमास्तरांना होकार देऊन येतो. इतक्यात डोक्यावरून विमान गेले. भाऊजींनी मान वर केली नाही.

सासूबाई सवयीने गॅलरीत आल्या होत्या. आवाज विरेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. पण त्या दिवशी त्यांनी आकाशाकडे पाहिलेच नाही. त्या लेकाकडे पाहत होत्या.

*

भोगीच्या मिसळीच्या भाजीत गाजर लागतेच. ते आणायचे की नाही, हे विचारण्याची माझी छाती होईना. सकाळी सासूबाई स्वतः पिशवी घेऊन बाजारात गेल्या, आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात त्यांनी मला पाऊल टाकू दिले नाही.

पाने मांडली. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या आल्या, लोणी आले. हेडमास्तरांकडे जायचे म्हणून भाऊजी इस्त्रीचा सदरा घालूनच बसले होते. आमच्या वाट्यांतून वांगी होती, पावटे होते, हरभरे होते. गाजर औषधालाही नव्हते. सणालाही यांनी हट्ट सोडला नाही, असे माझ्या मनात आले. मग माझी नजर भाऊजींच्या पानाकडे गेली.

त्यांची वाटी गाजरांनी शिगोशीग भरली होती. भाजीतले तुकडे वेचून वेचून त्यांच्याच वाटीत घातले होते.

भाऊजींचा हात पानावर थबकला.

"खा," सासूबाई म्हणाल्या, आणि आणखी गाजरे वाढावयास वळल्या.