हैदराबादच्या तालमीतली माझी पैलवानी

त्या दिवशी धुकं असं पडल्तं की वाटूरच्या फाट्यावर आमचेच बैल आम्हाला दिसत नव्हते. नुसत्या घंट्या ऐकू येत होत्या. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, अंदाजानंच गाडी परतूरच्या टेशनाकडं घातली. थंडीनं माझे दात कडाकडा वाजू लागले, तसा दादा म्हणाला, "पैलवानाला थंडी वाजत न्हाई, बाबू!"

मी दात दाबून धरले. हैदराबाद येईपर्यंत दाबूनच धरल्ते.

दादा मला पैलवान करायला धाडून राह्यला होता. ठरलं असं की दोघांचं शेत त्यानं एकट्यानं करायचं. मी दोन साल हैदराबादेत राहायचं, दिवसा धान्याच्या आडतीवर पोती उचलायची, अन् सकाळ-संध्याकाळ नावाजलेल्या तालमीत मेहनत करायची. परत आल्यावर गावच्या जत्रेत एक कुस्ती मारायची. एकच, पण मारायचीच! तसं दादा चावडीवर समद्यांसमोर बोलून बसला होता. मला विचारलं बी नव्हतं.

मुलूख निजामाचाच, पण माझ्यासाठी हैदराबाद म्हणजे परदेश. रस्ते वेगळे, बोली वेगळी, अन् तालमीची रीत तर बिलकुलच वेगळी. त्या दोन सालांचे किस्से अजून संपत न्हाईत. किस्से तालमीतल्या मातीसारखे असतात. वरून वाटतं कोरडे पडले, जरा खणलं की खालून ओले निघतात. आता या वयात दुसरं काही खणायला जमत न्हाई, म्हणून हेच खणून राह्यलो.

*

पहिल्याच दिवशी घोळ केला.

आमच्या गावात आखाड्यात उतरायचं म्हणजे आधी माती कपाळाला लावायची, अन् मंग मांडीवर असा शड्डू ठोकायचा की गल्लीतली कुत्री उठून बसली पाहिजेत. शड्डू बारीक वाजला तर लोक विचारायचे, "जेवला न्हाई का रे?"

हैदराबादेत मी तसंच केलं. माती कपाळाला लावली, आत उतरलो, अन् दोन्ही मांड्यांवर दणादण ठोकले. जोर काढणारा अर्ध्या जोरात थांबला. मालिश करणाऱ्याचा हात तेलाच्या वाटीतच राह्यला.

उस्ताद बाजेवर बसल्ते. पांढरी दाढी, बारीक आवाज. त्यांनी शांतपणे विचारलं, "किसके वास्ते ठोके, मियाँ?"

मला वाटलं, म्हातारा माणूस मायेनं विचारपूस करून राह्यला. मी हात जोडून म्हणालो, "आपण समद्यांच्या वास्ते!"

त्या तालमीत रीत अशी की आत शड्डू ठोकला म्हणजे ललकारलं. अन् मी पंचवीस पैलवानांना एकाच वेळी ललकारून, वरून हात जोडून उभा होतो!

कासिमभाई म्हणून एक पैलवान होता. दुधाचा धंदा करायचा अन् आपल्याच म्हशीएवढा दिसायचा. तो उठला. "उस्ताद, सबकी तरफसे मैं?"

"नक्को रे," उस्ताद म्हणाले. "गाँव का है, हौला है." हौला म्हणजे खुळा, हे मला मागून कळलं.

कासिमभाईनं मला बगलेत धरून करडासारखं उचललं अन् आखाड्याच्या बाहेर नेऊन उभं केलं. वरून विचारलं, "लगा तो नहीं, भाई?"

माझी हैदराबादेतली पहिली कुस्ती ती. सुरू होण्याआधीच संपली.

*

उस्तादांनी हुकूम सोडला, सहा महिने मी आत कुस्ती खेळायची न्हाई, फक्त माती खणायची. मी म्हटलं, हे बराबर झालं. खणणं हे तर आपलं घरचंच काम! यात तरी कोणी आपल्याला हसणार न्हाई.

पहाटे उठलो, कुदळ घेतली, अन् असा खणला आखाडा की बास. ढेकूळ एक ठेवलं न्हाई. ताक शिंपडलं, हळद टाकली, तेल सोडलं, समदं सांगितल्यासारखं. हात एकदा चालू लागला की माणसाचं ध्यान कुठं असतं? मी आपला मनात दादाचा, शेताचा विचार करून राह्यलो होतो.

उजाडल्यावर उस्ताद आले. आखाड्याकडं बघत बराच वेळ उभे राह्यले. मंग कासिमभाईला हाक मारली. तो बी बघत उभा राह्यला.

मी समद्या आखाड्यात सरी-वरंबे पाडून ठेवल्ते! एकदम लाइनीत, इकडून तिकडंपर्यंत. पाण्याला दांड सुदीक काढला होता.

उस्ताद म्हणाले, "इसमें कुश्ती खेलना है, कि प्याज लगाना है?"

तवापासून तालमीत मला कोणी नावानं हाक मारली न्हाई. "ओ प्याजवाले!" एवढंच. मी बी ओ द्यायचो. राग कशाचा? सरी मात्र झकास पडल्ती.

*

कासिमभाईवर माझा लई जीव. त्यानं मला बाहेर उभं केलं, पण आपटलं न्हाई, हे मी विसरलो नव्हतो. तर त्याची काहीतरी सेवा करावी असं मनात आलं.

घरी मी बैठका मारायचो तवा दादा समोर बसून मोठ्यानं मोजायचा. मोजणारा असला की माणसाला चेव येतो. मी शाळेत गेलो न्हाई, पण विसापर्यंत मला पक्कं येतं. वीस झाले की एक खडा बाजूला ठेवायचा, पुन्हा एकपासून सुरू.

एके सकाळी कासिमभाई बैठका मारून राह्यला होता. मी समोर उकिडवा बसलो, खडे घेतले, अन् मोठ्यानं मोजायला लागलो. तो डोळे मोठे करून माझ्याकडं बघायचा, मान हलवायचा. मला वाटलं, खूश झाला! मी आणखी आवाज चढवला.

माझ्यासमोर खडे लई झाले अन् घोटाळा झाला. हा खडा ठेवलेला की ठेवायचा? मी हात वर केला. "कासिमभाई, थांबा! माझं चुकलं. पुन्हा पहिल्यापासून करा!"

तालमीत कोणीतरी हातातली मुद्गलांची जोडी खाली ठेवली, हसू आवरेना म्हणून.

मंग कळलं की तिथं दुसऱ्याची मेहनत मोठ्यानं मोजत न्हाईत. नजर लागते. अन् कोणी मोजलीच तर ती मेहनत फुकट, पुन्हा पहिल्यापासून करायची! उस्ताद रिवाजाचे पक्के. त्यांनी कासिमभाईला बोटानं खूण केली, कर सुरू.

बिचाऱ्यानं केल्या. दुसऱ्या दिवशी त्याला दूध काढायला म्हशीखाली बसता येईना. आठ दिवस त्याचे पाय मी चेपले. चेपताना तो एकच म्हणायचा, "प्याजवाले, तू मेरा दोस्त है ना? फिर दुश्मन को क्या करता रे?"

*

गावाकडं खुशाली कळवायला पाहिजे होती. मला लिहिता येत न्हाई. तालमीत केशवराव म्हणून एक कारकून यायचे. ते आपल्याकडचेच, जालन्याचे. पोट कमी करायला यायचे, अन् जोर काढायच्या जागी भिंतीला टेकून पान खायचे. ते म्हणाले, "सांग, मी लिहितो."

मी कधी खोटं सांगितलं न्हाई. हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

मी म्हणालो, "लिहा, रोज पहाटे आखाड्यात समद्यांच्या आधी मीच उतरतो."

उतरतच होतो की! कुदळ घेऊन.

"लिहा, कासिमभाई एवढा मोठा पैलवान, पण माझ्यामुळं त्याला आठ दिवस उठता-बसता आलं न्हाई."

केशवराव पान चघळायचे थांबले. माझ्याकडं बघितलं. मंग लिहिलं.

"लिहा, उस्तादांनी मला वेगळं नाव दिलंय, अन् समदी तालीम मला त्या नावानं ओळखते."

"कोणतं नाव, ते लिहू का?"

"जागा असंल तर लिहा," मी म्हणालो.

केशवरावांनी कागद उलटून बघितला. "जागा न्हाई," म्हणाले.

ते पत्र दादानं चावडीवर वाचून घेतलं. एकदा न्हाई, तीनदा! त्याचं उत्तर आलं तेही केशवरावांनीच वाचून दाखवलं. दादानं लिहवून घेतल्तं, "दोन्ही औतं मीच हाकून राह्यलो. पाठ धरलीय, पण तुझं पत्र ऐकलं की पाठ दुखत न्हाई. जत्रेत भेटू."

त्या सांजेला मी उस्तादांच्या पायाशी जाऊन बसलो अन् म्हणालो, "मला आत घ्या. माझ्या भावानं चावडीवर जबान दिलीय."

उस्तादांनी दाढीवरून हात फिरवला. "कल आ," म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी मला घेतलं. जोड कोण, तर खुद्द उस्ताद! साठीच्या वरचा माणूस. समदी तालीम कडेनं उभी.

आता बघा, आमच्याकडं वडील माणसाच्या अंगाला पाय लागला तर आपण वाकून पाया पडतो. अन् इथं त्यांना उचलून आपटायचं! उस्तादांनी हात पुढं केला. तो हात माझ्या खांद्यापर्यंत पोचला बी नव्हता, तवर मी आपणहून पाठीवर निजलो. चांगला पसरून निजलो, म्हटलं त्यांना झुकायला त्रास नको.

उस्ताद हवेत हात धरून तसेच उभे! "अरे, मैं अभी छुआ भी नहीं!"

"आपली इज्जत, उस्ताद," मी खालूनच म्हणालो.

त्यांनी मला उठवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना रागात बघितलं. "इज्जत आखाड्याच्या बाहेर करायची. आत मी तुझा कोण न्हाई. तुझा भाई उधर हल चला रा, अन् तू इधर सो रा?" रागात त्यांची बोली बी माझ्यासारखी व्हायची.

तिथून पुढं उस्ताद मला रोज आपटायचे. दीड साल आपटलं. शेवटी शेवटी मी त्यांना बी खाली घ्यायला लागलो. घेतलं की मला रडू यायचं अन् उस्ताद खालून हसायचे.

*

जत्रा आली. चैताचं ऊन. हलगी कडाडून राह्यली होती. दादा वाळून काटकी झाल्ता, पण गर्दीच्या पुढं छाती काढून उभा. शेजारी आमचे शेजारी, रामजी काका. घराला घर लागून. शब्द मोजून बोलणारा माणूस.

माझी जोड केदारखेड्याच्या गड्याशी लागली. माझ्यापेक्षा उंच, मानेचा जाड. पहिल्यांदा त्यानंच मला दाबलं. मी निसटलो. मंग उस्तादांनी शिकवलेलं हळूहळू हाताला आठवायला लागलं. मी त्याचा हात ओढला, कमरेत शिरलो, अन् घेतला त्याला खाली!

खरंच घेतला. लोक ओरडायला लागले. त्याचा एक खांदा मातीला टेकल्ता, दुसरा चार बोटं वर. तीन बोटं. दोन. गर्दीत दादाचा आवाज मला वेगळा ऐकू येत होता.

अन् माझ्या हाताखाली त्याच्या लंगोटाची गाठ सुटली.

हैदराबादच्या तालमीत असं झालं की हात सोडायचा, उठायचं, पाठ फिरवून उभं राहायचं. समोरचा गाठ मारून "हौ" म्हणाला की मंगच फिरायचं. कोणी सांगावं लागत न्हाई. दोन सालांत ते अंगात भिनल्तं.

मी हात सोडला. उठलो. पाठ फिरवून उभा राह्यलो.

समोर दादाच होता. तो दोन्ही हात हलवून ओरडत होता, "फिर! बाबू, फिर!" मी त्याच्याकडं बघून हसलो, अन् हातानं खूण केली, जरा थांब, गडी गाठ मारून राह्यला.

गड्यानं गाठ मारली. पण "हौ" म्हणाला न्हाई. मागून कमरेला मिठी पडली, पाय सुटले, अन् मला आभाळ दिसलं. लख्ख होतं, एक ढग नव्हता.

पंच म्हणाले, "कुस्ती थांबवली होती का कोणी? पाठ यानं दाखवली. चीत ती चीत!"

लोक इतके हसले की हलगीवाल्याला हलगी धरवेना. दादा आत आला. त्यानं मला उभं केलं, अन् माझ्या पाठीची माती आपल्या उपरण्यानं झटकायला लागला. बराच वेळ झटकत होता. माती कधीच निघून गेल्ती.

गाडीनं घरी निघालो. दादा हाकत होता. मी खाली बघत बसल्तो. रामजी काका मागं पाय सोडून बसल्ते, तंबाखू मळत. आमचं दार आलं, तसे ते उतरले. तंबाखू तोंडात टाकली, माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाले,

"लंगोट त्याचा सुटला, अन् लाज तुला वाटली रे पोरा!"