सफरचंदाला पाहिजे ती सावली

२०२२ साल, मी एकाहत्तर वर्षांचा. घरामागं सफरचंदाची चार रोपं लावायचं ठरवलं, तर भूमच्या बाजारात लोक हसले. म्हणाले, इथल्या उन्हात करपतील. पण बांधापलीकडं, मावळतीला, धाकट्या भावाचा कडुलिंब होता. दुपारनंतर त्याची सावली माझ्या बाजूला पडायची. तिथंच म्या चुन्याच्या फक्कीनं खड्ड्यांच्या खुणा केल्या. धाकट्यानं ते पाहिलं आन संध्याकाळपर्यंत झाड आडवं केलं. त्याच्याच म्हशी त्याखाली बसायच्या.

“आरं, तुझी जनावरं कुठं बांधशील?”

“उन्हात. पर दादा, तुमचं सफरचंद माझ्या सावलीत न्हाय वाढायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी म्या खुणेवरच खड्डे खणले, आन माझ्या बोअरवरून त्याच्या म्हशींच्या हौदाला जाणारी नळी कापून त्या खड्ड्यांत सोडली.