शांत झोपल्यात

हॉस्पिटलातल्या चौकशीच्या खिडकीमागे त्या लग्नाआधीपासून बसत आल्या होत्या. नातेवाइकांना फोन करायचं काम त्यांच्याकडे, म्हणून सगळे त्यांना फोनताईच म्हणत. माहेर दुकानदाराचं. तिथे रात्री दुकान बंद करत नसत, 'वाढवत'. बांगडीसुद्धा फुटत नसे, तीही वाढायची. त्यामुळे वाईट बातमी मऊ शब्दांत गुंडाळणं ताईंच्या अंगातच मुरलेलं.

त्या दिवशी सकाळी त्यांनी एका गवंड्याला फोन लावला. परमुलखातून आलेला, आपली भाषा जेमतेम शिकलेला माणूस. त्याची बायको पहाटेच वारली होती.

"पेशंट आता शांत झोपल्यात," ताई हळुवार म्हणाल्या. "तुम्ही लगेच येऊन जा."

तो आला तो हसतच. हातात बायकोचे धुतलेले कपडे आणि सपाता.

"किती दिवस झोप नव्हती तिला," तो म्हणाला. "बरं झालं. घरी नेऊ?"

ताई खुर्चीतून अर्धवट उठल्या. "अहो... त्या गेल्या."

"गेली? कुठे? तिला चालता येत नाही!" तो जिन्याकडे धावत सुटला.

"देवाघरी हो!"

"कुठलं घर?"

रांगेतली माणसं बघायला लागली. ताई खिडकीमागून बाहेर आल्या, त्याचा हात धरला आणि आपल्या माणसाबद्दल कुणी उच्चारत नाही तो शब्द त्यांनी उच्चारला.

"मेली, दादा. तुमची बायको मेली."

त्याने सपाता बाकावर नीट जोडून ठेवल्या आणि मटकन खाली बसला.

"वाटेत मी गाणं म्हणत होतो," एवढंच तो म्हणाला.

दिवसभर ताईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरी आल्या तरी तेच. भाजी चिरायला घेतली, सोडली. खिडकी उघडली, लावली. आतल्या खोलीत सासरे पडून होते. त्यांच्या आजाराला घरात सगळे 'जरा अपचन' म्हणत.

"काय गं, पायाला भिंगरी लागलीय का?" सासऱ्यांनी विचारलं.

ताई पलंगाशी थांबल्या. "बाबा, तुम्हाला कॅन्सर आहे. बरा होण्यातला नाही."

म्हातारा कोपरावर भार देत उठून बसला. "तुझा नवरा हल्ली माझ्याशी भांडत नाही, तेव्हाच ओळखलं होतं मी. पण विचारू कुणाला? प्रत्येक जण हसून उशी सारखी करतो." मग म्हणाला, "माझ्या बहिणीला फोन लाव. आमचा अबोला फार लांबला."

बहीण दुसऱ्याच दिवशी आली. दार लावून दोघं आधी कडाकडा भांडली, मग रडली. पुढे शेवटपर्यंत ती तिथेच राहिली.

नवरा मात्र ताईंवर भडकला. "तुला कुणी सांगितला होता हा आगाऊपणा?" म्हणाला, आणि कित्येक दिवस धड बोलला नाही. आपण चुकलो का, हे ताईंना अजूनही नक्की सांगता येत नाही.

हल्ली फोनवर त्या आधी विचारतात, "जवळ कुणी आहे का? जरा खाली बसा." मग सरळ सांगतात. सांगून झालं की त्यांना खुर्चीत बसवत नाही. उठतात आणि व्हरांड्यात फेऱ्या मारत राहतात.