दुसऱ्या डोळ्याच्या वेळी

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या बाबांना ओळखत नाही.

'बिझी' हा शब्द आमच्या घरात पूर्वी फक्त टेलिफोनला लागायचा. लाइन बिझी म्हणजे पलीकडे कुणीतरी बोलतंय, थोड्या वेळाने लागेल. मी खराडीला नोकरीला लागले आणि तो शब्द मला चिकटला. ऑफिसात सरळ 'नको' म्हणवत नाही, म्हणून माणूस बिझी असतो. आम्ही कॅलेंडरवर खोट्या मीटिंगा टाकून ठेवतो—नावापुढे लाल ठिपका येतो, कुणी छळत नाही. सगळेच करतात. त्यात काय एवढं?

बाबा कात्रजला राहतात. आई गेल्यापासून एकटेच. त्यांच्या लेखी बिझी म्हणजे मोठं माणूस! फोन केला की आधी विचारणार, "बिझी नाहीस ना गं?"

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हाही तसंच. "सकाळी जरा येशील का? म्हणजे... बिझी नसलीस तर."

"अहो बाबा, नेमकी क्लायंटची मीटिंग आहे हो."

मीटिंग होती—मीच टाकलेली, माझी एकटीची. त्या सकाळी मी ऑफिसातल्या रिकाम्या खोलीत हेडफोन लावून कुर्ते बघत बसले होते. बाबांचा फोन आला. मी कापला. 'बिझी आहे, नंतर करते' हा फोनमधला तयार मेसेज—एक बोट लावलं की जातो—तो पाठवला.

का? आईच्या आजारपणापासून हॉस्पिटलची भीती बसली म्हटलं तर बरं दिसेल. पण खरं सांगू? कंटाळा आला होता. नुसता कंटाळा!

शेजारचे काका गेले त्यांच्याबरोबर. "आत नेतायत, काळजी करू नकोस"—एवढंच सांगायला बाबांनी फोन केला होता, हे मला काकांकडून कळलं. लाज वाटली. फार वाटली.

रविवारी भेटायला गेले. बाबा काळा चष्मा लावून चहा टाकत होते. मला उठू देईनात. "बस गं, दमून आली असशील." शेजारचे काकाही येऊन बसले होते; त्यांना म्हणाले, "हिच्यामागे फार काम असतं हो." आणि मग माझ्याकडे न बघता, हळूच, "पुढच्या महिन्यात दुसरा डोळा करायचाय."

तेव्हा तरी 'येते' म्हणायचं ना? एवढी लाज वाटली होती ना?

मी म्हणाले, "बाबा, त्या दिवशी मी नेमकी बिझी आहे."

बाबांनी मान डोलावली. तारीख त्यांनी अजून सांगितलीच नव्हती.