दव गोठायचं थांबेपर्यंत

ड्रायव्हरसाहेब गेल्यावर लोक शेजारच्या चष्मेवाल्यांना विचारू लागले, "माणूस कसा होता हो?" चष्मेवाल्यांची पंचाईत झाली. भिंतीला भिंत लागून इतकी वर्षं काढली, पण त्यांना ठाऊक होतं ते एवढंच: साहेबांनी उभा जन्म बस चालवली, लग्न केलं नाही, थोरल्या बहिणीजवळ राहिले आणि एका जागी कधी स्वस्थ बसले नाहीत.

बसला वेळापत्रक असतं. निवृत्तीनंतर साहेबांनी परसात भाजी लावायला घेतली, तर थंडीला वेळापत्रकच नाही! अमुक तारखेनंतर दव गोठत नाही, असं रोपवाटिकेवाले सांगत. पण ती तारीख सगळ्या गावाची. साहेबांचं परस खोलगट. रात्रीची थंडी उतारावरून पाण्यासारखी यायची आणि तिथेच साचायची. गेल्या वर्षी त्या तारखेवर विसंबून त्यांनी टोमॅटो लावले आणि सकाळी बघतात तो रोपं उकडल्यासारखी काळी पडलेली.

म्हणून यंदा रोपं खोक्यांत वाढवली. सकाळी खोकी उन्हात, संध्याकाळी घरात. मध्येच गार वारा सुटला की आत, पडला की पुन्हा बाहेर.

"अरे, छातीत कळ येते ना तुझ्या? मग या येरझारा कसल्या? रोपांना चक्कर येईल!" ताई आतून ओरडायच्या.

"त्यांना हळूहळू वाऱ्याची सवय लागायला हवी, ताई."

"आणि तुला बसायची कधी लागणार?"

अशात छातीच्या ऑपरेशनचा दिवस ठरला, तोही ऐन थंडी रेंगाळत असताना. साहेब तडक कुंपणाशी आले आणि चष्मेवाल्यांना म्हणाले, "भाऊ, रोपं लावूनच जातो. एकदा जमिनीत गेली म्हणजे मी सुटलो."

नंबर डॉक्टरने काढावा, आपण काच बसवावी, हा चष्मेवाल्यांचा जन्माचा खाक्या. सल्ला देण्याच्या भानगडीत ते कधी पडत नसत. त्या दिवशी मात्र तोंडून निघून गेलं, "नका लावू. थंडी तुमच्याकडेच साचते, तुम्हीच म्हणाला होतात."

साहेब खुरपं घेऊन वाफ्याभोवती फिरत राहिले. खाली बसले, उठले. एक खड्डा खणला, बुजवला, पुन्हा तिथेच उकरला. शेवटी खुरपं वाफ्यात टाकून आत गेले.

दुसऱ्या दिवशी, दवाखान्यात जायला ताई गाडीत बसून हाका मारत असताना, साहेब एकेक खोकं आणून चष्मेवाल्यांच्या खिडकीत मांडत होते.

"रात्री आकाश निरभ्र असलं की थंडी पडते, तेव्हा सांभाळा. ढग असले तर भीती नाही."

"पण लावायची कधी?"

"तुम्हाला वाटेल तेव्हा."

"मला?" चष्मेवाले गडबडले. "मला यातलं काय कळतंय, साहेब!"

"मला तरी कुठे कळलं? पाणी सकाळीच घाला. संध्याकाळी नको."

"बरं. सकाळीच घालतो."