वणीचे सोयरे

आता तुमच्यापासून काय लपवू, एक आख्खं गावतळं मी बुडवलंय, तेही नुसत्या तोंडाने. हसू नका, ऐका आधी.

बेडकांचे पाय खाण्यासाठी परदेशी जायचे तेव्हाची गोष्ट. मी नाशिकला प्राणिशास्त्राच्या एमएस्सीला होतो. सिन्नरजवळच्या एका तळ्यातले बेडूक उचलायला कंत्राटदार टपला होता. आमच्या सरांनी ठरवलं, इथल्या बेडकांचं रक्त तपासायचं. ते दुसरीकडच्या बेडकांहून वेगळं निघालं, तर हे वाण गेल्यावर पुन्हा कुठून आणता येणार नाही, असं सरकारला दाखवता येईल. तोवर बेडूक उचलू देऊ नका, हे गावाला समजावण्याचं काम माझं.

मला बोलायला निमित्तच हवं. पारावर तासभर बोललो. आनुवंशिकता कुणाच्या डोक्यात शिरेना. बायका निवांत शेंगा फोडत बसलेल्या. शेवटी वैतागून म्हणालो, "अहो, बेडूक थोडेच उरले तर भावकीतच लग्नं लागतील त्यांची. पोरं रोगट निघतील."

शेंगा फोडायच्या थांबल्या.

"भावकीत?" त्यांतल्या गंगूमावशींनी पदर सावरला. "मंग रं दादा?"

"मग काय, रक्तात वेगळेपण हवं."

पुढचं अर्धं व्याख्यान, म्हणजे बाहेरचे बेडूक आणून सोडू नका हे, राहूनच गेलं. नाशिकची शेवटची एसटी सुटत होती ना.

पंधरा दिवसांनी सरांना घेऊन गेलो. मावशी वाटच बघत होत्या.

"दादा, काळजी मिटली बघ. सुनंचं माहेर वणीकडं हाय. तिकडून दोन पिंपं भरून सोयरे आणले आन् दिले तळ्यात सोडून. हळदकुंकू लावून."

"मावशी, बेडूक?"

"मंग काय माणसं सोडू तळ्यात?"

सर बांधावर बसले. "वणीचे कोणते, ओळखू येतात का?"

"आता ते हितलेच झाले की. सासरी आल्याव कुनी माहेर इचारतं का?"

"पण हे करायला सांगितलं कोणी?"

मावशींनी कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या दादानं. लय चांगलं समजावून सांगतो."

आता रक्त तपासून सिद्ध काय करणार, कपाळ? सरांनी रक्ताशिवायच सरकारला अर्ज लिहिला. त्यात एक मथळा होता, 'या तळ्याला असलेले धोके'. पहिला, कंत्राटदार. दुसऱ्या क्रमांकावर माझं नाव, वडिलांच्या नावासकट.

आणि अर्ज टाइप करायला दिला मलाच.